बाहेर पडताना

तिकीटखिडकीचं भोक माझ्या तळहाताएवढं.
त्यातून हात दिसायचे फक्त.
चेहरे बघायचे ते खेळ सुटल्यावर,
बाजूचं दार मी उघडून धरायचे तेव्हा.

सुरुगाच्या उपसागरावरचं आमचं बंदर.
एकच थिएटर, दोनशे दहा खुर्च्या, त्यातल्या अकरा मोडक्या.
मी एकोणीस वर्षांची.
त्या नोव्हेंबरात पडद्यावरच्या समुद्रातून तो प्राणी वर आला
आणि सहा आठवडे परत गेलाच नाही.

पहिल्या रात्री तात्सुकिची म्हणाला
(कुप्याच्या होडीवरचा, जमिनीवरही वाऱ्याविरुद्ध बोलणारा),
"पाणी चुकलंय.
एवढं धूड उठतं तर लाट आधी आत ओढली जाते,
मग बाहेर येते. बाकी ठीक."
बाकी म्हणजे एक अख्खं शहर.

शिंपी कुवाबारा तीनदा आला, तिन्ही वेळा पहिल्या रांगेत.
"पाठीवर शिवण आहे. काट्यांखाली झाकलीय, पण आहे.
आत माणूस आहे, डाव्या पायानं जरा अधू.
उकडत असेल हो बिचाऱ्याला."

मास्तर म्हणाले, "अतिरंजित,"
आणि छत्री विसरून गेले.
ती अजून माझ्याकडे आहे.

पोरं दारातच भांडली.
"तो रागावलेला नव्हता, त्याला झोपेतून उठवलं,"
असं म्हणणाऱ्या तेप्पेईच्या डोक्यात टपली बसली.
मासे सुकवणारीची चिझुरु काहीच बोलली नाही.
दोन्ही हात छातीशी लोंबते ठेवून
जड जड पावलं टाकत
घरापर्यंत गेली.

त्याच वर्षी धक्क्यावर मासळीवर यंत्र धरायचे.
टकटक वाढली की मासा खड्ड्यात.
तात्सुकिचीचा पूर्ण फेरा असा पुरला गेला.
पडद्यावर तसलंच यंत्र टकटकलं
तेव्हा अख्ख्या थिएटरात कुणी खोकलंसुद्धा नाही,
असं ऑपरेटर हिदेसाबुरो सांगायचा.
त्यावर मत असं कुणी दिलं नाही.

आणि सुमिनोबाई.
शिझुओकाहून आलेल्या, एकट्या.
शहर पेटलं तशा उठून बाहेर आल्या.
मी म्हटलं, पैसे परत देते. नको म्हणाल्या.
दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या, पुन्हा तिथेच उठल्या.
तिसऱ्या दिवशी शेवटपर्यंत बसल्या.
दारात थांबून म्हणाल्या,
"आगीचा आवाज तसा नसतो.
शहर जळताना वारा सुटतो, आणि वाऱ्यात
लोकांची भांडी वाजतात."
चार पावलं गेल्या, वळल्या.
"पण पळता पळता ती बाई चप्पल उचलायला वाकते ना,
ते मात्र कुणीतरी बघितलेलं आहे."

साठ वर्षांनी थिएटर पाडायच्या आधी
तोच सिनेमा पुन्हा लावला.
तोक्योहून विद्यार्थी आले, हसून मुरकुंडी वळली त्यांची.
"विमानाच्या तारा दिसतात!"
चाकाच्या खुर्चीतून तात्सुकिची, पंच्याऐंशीचा,
अजून तसाच ओरडून,
"तेव्हाही दिसायच्या.
तिकडे बघायला सवड नव्हती."

पोरं गप्प झाली म्हणावं, तर तसंही नाही.
एकजण पुटपुटला, संथ आहे फार.
एकीला त्या प्राण्याचे डोळे आवडले होते.
तिनंच मला विचारलं, आजी, तुम्हाला कसा वाटला?

मी बघितलाच नाही, पोरी.
गल्ला सोडून कोण आत जाणार?
भिंतीपलीकडून ऐकला, दिवसाला चार खेळ.
त्याची पावलं आली की खणातली नाणी हलायची,
भोकाची पाच येनची आधी,
मग बाकीची.
शेवटच्या पावलानंतर
मी खण हातानं दाबून धरायचे, उगीचच.

तिला आणखी काही हवं होतं माझ्याकडून.
आत अजून माणसं उठत होती, सावकाश,
काठ्या शोधत.
म्हटलं, जरा हे दार धर.
माझा हात भरून आलाय.