छाट

कालचा पाव होता. नऊ स्लाइस,
कडा वाकलेल्या, बोटानं वाजवलं तर वाजतील अशा.
चैत लागला की आमच्या घरकुलात
उरलेलं काहीच मऊ राहत नाही.

श्रावंती आठवडाभर मागं लागली होती.
शाळेत कुणाच्यातरी डब्यात होतं म्हणे, फ्रेंच टोस्ट.
अत्तम्मा सुपातली पानं खालीवर करत म्हणाल्या,
फ्रेंच म्हणजे कुठं आलं गं? अक्कलकोटच्या पुढं?
म्हटलं, थोडं पुढंच.

दोन अंडी, पेलाभर दूध,
वेलदोडा सालासकट कुटलेला,
साखर घालताना हात जरा सैल सोडला.
आज टॉवेलांचं बंडल शिवायला आलेलं नाही,
आज मशीनवर कापड झाकलंय,
आज हात सैल सोडायला हरकत नाही.

छोटे छोटे करू, मी म्हटलं, एका घासाचे.
श्रावंतीचे पुढचे दोन्ही दात पडलेत.
अत्तम्मांची वरची कवळी
दिवाळीपासून कपाटात, रुमालात.
आणि अंबादास रात्रपाळीहून येतो
तो उभ्यानंच खातो,
भाकरी अर्धी अर्धी करून दोन घासांत संपवतो,
कानात अजून माग चालू असल्यासारखा,
मग आडवा होतो, भिंतीकडं तोंड करून.
एका घासाचे छत्तीस असले
तर बसावं लागेल त्याला.

मी सुरीनं कापत होते. अत्तम्मा बघत होत्या.
हा जाड, हा पातळ, हा तिरका.
चाळीस वर्षं पान कापलेल्या बाईसमोर
पाव कापणं सोपं नाही.
असला माल नेला तर चेकर तोंडावर फेकेल,
त्या म्हणाल्या, आणि सुरी घेतली.
अंगठा टेकवून माप, मग खाली दाब.
ओकटी, रेंडु, मूडु.
हिशेब त्या तेलुगूतच करतात,
शिव्या मराठीत.

तवा भाकरीचाच. त्याला तुपाची सवय नाही.
पहिला तुकडा चिकटला, उलथन्यानं ओढला तर फाटला,
दुसरा एका अंगानं काळा.
अत्तम्मांनी तो चिमटीत धरून उजेडाकडं केला,
छाट, म्हणाल्या,
आणि तोंडात टाकला.
मग श्रावंतीला खेळच मिळाला.
हा छाट? हाही छाट? आज्जी, हा तर छाटच!
चांगले पिवळेधमक तुकडे
छाट म्हणून पळवले तिनं.
शेवटी मी ताटावर झाकण ठेवलं.

अंबादास आला. केसांत सुताची धूळ,
भुवया पिकल्यासारख्या.
काय वास सुटलाय, म्हणाला, आणि बसला.
खरंच बसला, मांडी घालून.
एक तुकडा खाल्ला. विचार केला.
उठून फडताळातून शेंगाचटणी काढली.
गोडाला चटणी? श्रावंती ओरडली.
फ्रान्सात नसेल मिळत, तो म्हणाला,
म्हणून ते नुसतंच खातात बिचारे.
मीही लावून बघितली.
वाईट नव्हती. सांगितलं नाही.

एकेक, एकेक, गप्पा मारत,
मालकानं बोनस अडकवलाय ते,
श्रावंतीला गणितात किती पडले ते,
आणि मध्येच काहीच नाही,
नुसतं चावणं.
त्याला घरात जागं असं
मी कितीतरी दिवसांनी बघत होते.

ताटात एकच राहिला होता
तेव्हा बाहेर कुणीतरी हाळी दिली: नळ आला!
पाच दिवसांनी पाणी. कोण थांबतंय?
घागर, बादली, पिंप, मोटारीची वायर,
श्रावंतीच्या हातात लोटा, तोही भरायचाच.
तासाभरानं ओल्या पदरानं आत आले,
मागून ती दोघं.

अत्तम्मा परत सुपाशी बसलेल्या.
शेवटच्या तुकड्याचे तीन केले होते,
पानाच्या कात्रीनं, नखाएवढे, अगदी सारखे.
तीनच का?
माझा मघाशी छाटात गेला, त्या म्हणाल्या.

तंबाखूचा वास येत होता जरासा.
आम्ही खाल्ला.