समज, अजून तेच साल आहे

साखळीच्या पुढे, खाणीच्या वाटेवर,
वजनकाट्याच्या केबिनमध्ये नवा संगणक आलाय.
त्याच्या अंगावरचं प्लास्टिक रत्नू मळीकने अजून काढलेलं नाही.
बाहेर टिपरांची रांग, हॉर्नवर हॉर्न.
पडद्यावर पिवळा त्रिकोण, पोटात उद्गारचिन्ह,
खाली दोनच शब्द:
अनोळखी उपकरण.

अनोळखी!
एकोणीस पावसाळे काढलेत या काट्याने इथे.
खाण बंद होती तेव्हाही रत्नू सोमवारी यायचा,
फटीतलं गवत उपटून जायचा.

मी म्हणते, "ड्रायव्हर मिळत नाही."
तो खिडकीबाहेर बघतो.
"चाळीस उभे आसात. कितलेय घे."

नऊ पिनांची केबल फुंकते,
लाल धूळ माझ्याच डोळ्यात.
मधल्या निळ्या डबीत नखाएवढी चिप आहे.
नवा ड्रायव्हर तिला बघतो आणि तोंडावर सांगतो,
ही आता चालणार नाही, उत्पादकाशी बोला.
उत्पादक कुठल्या देशात, आहे की बुडाला,
कोण जाणे.

जुना ड्रायव्हर सापडतो माझ्या पेनड्राइव्हवर,
भावाच्या लग्नाच्या फोटोंत पडलेला.
नव्याला काढते, जुन्याला बसवते.
मग वजनाच्या प्रोग्रामवर उजवी कळ,
एका चौकोनात टिचकी,
म्हणजे त्याच्या कानात सांगायचं:
समज, अजून तेच साल आहे.

एवढं खोटं त्याला पुरतं.
उघडतो.

"म्हणजे फसवलंस त्याला," रत्नू म्हणतो.
"सांभाळून घेतलं."

तो जरा वेळ प्लास्टिकचा कोपरा खरवडत राहतो.
"बाबा रोज विचारायचे, बार्ज सुटली?
धक्क्यावर बार्ज कुठली, शेवाळ नुसतं.
मी म्हणायचो, सुटली बाबा, भरतीबरोबर गेली.
मग जेवायचे.
अजून विचारतात."

आकडा येतो. शून्य.
मग वीस किलो, मग परत शून्य:
काट्यावरून कुत्रं गेलं.
आम्ही दोघंही त्या विसाकडे असे बघतो
जसं काही कुणी नाव घेऊन हाक मारली.

पहिला टिपर चढतो. केबिन हलते.
आकडे धावतात, अडखळतात, ठरतात.
रत्नू पावती फाडतो, हात बाहेर काढतो,
आणि मला की काट्याला, कळत नाही, विचारतो:

"आज संध्याकाळी खरंच सुटेल.
पण सांगू कसं?
शब्द तर तोच आहे."