नखेत्रं

चेअरमन म्हणाले, यंदाच्या भेटी त्या लोकांकडून घ्या,
आणि फोटो विसरू नका.
'त्या लोकांकडून' म्हणताना त्यांनी आवाज
देवळाबाहेर चपला काढाव्यात तसा
बाजूला काढून ठेवला.

म्हापशाला शुक्रवार.
चोरिसांच्या माळा, अळसांद्यांच्या राशी,
मडकी ठोकून बघणाऱ्या बायका,
त्यातून वाट काढत मी विचारत गेले.
"ती अपंगांची शाळा ना?" केळीवाला म्हणाला.
"शाळा कसली, कारखाना," त्याची बायको म्हणाली,
"माझा भाऊ पगारावर आहे तिथे."

कौलारू शेड. खळीचा वास.
लिगोरियो चाकांच्या खुर्चीत बसून
बांबूच्या कांबी तासत होता, मांडीवर भुसा.
कोपऱ्यातल्या टेबलावर दोन पोरं हातांनी भांडत होती,
फुटबॉलवरून असावं,
एकाच्या बोटांनी गोल झाला होता,
दुसऱ्याचा पंजा तो मानायला तयार नव्हता.
आणि दाराशी सेवेरिना,
तयार झालेलं प्रत्येक नखेत्र ओंजळीत फिरवून
पाचही टोकांवरून अंगठा नेणारी.
डोळे छपराकडे कुठेतरी.

आम्ही आकाशकंदील म्हणतो, ती नखेत्र म्हणाली.
मीही मग नखेत्रच म्हटलं,
उगाच हळू, शब्द पेजेसारखे मऊ करून.
"चाळिसांचे नऊ हजार सहाशे," ती भराभर म्हणाली,
"पिशव्यांचे वेगळे."

तेवढ्यात मला ते दिसलं.
खिळ्याला एकटंच टांगलेलं,
एक टोक खाली लोंबतंय,
लाल कागदाला सुरकुत्या, कडेला खळीचे ओघळ.
माझा घसा दाटून आला.
फोन काढला. म्हटलं, हेच द्या, माझ्या घरासाठी,
किती कष्टानं केलं असेल कुणीतरी.

सेवेरिनाने ते हातात घेतलं,
एकदाच चाचपलं,
आणि आतल्या खोलीकडे ओरडली,
"कृपेशबाब! तुमचं गिऱ्हाईक आलंय!"

मॅनेजर बाहेर आले.
दोन पाय, दोन डोळे, सगळं जागच्या जागी.
फक्त कान लाल.
"सोमवारपासून शिकतोय," ते म्हणाले,
"हिशेब जमतात. खळ जमत नाही."
पोरांनी गोल तसाच अधांतरी सोडला
आणि खांदे हलवून हसली.
"ते विकायचं नाही," लिगोरियो म्हणाला, मान वर न करता,
"नाव जाईल आमचं."

फोन पर्समध्ये गेला.
काय बोलावं सुचेना,
तर तोंडातून निघालं ते सवयीचंच,
"थोडे कमी करा की हो, चाळीस घेतेय."

सेवेरिना सरसावून बसली.
"आता कशी बाजारात आलीस," म्हणाली.
मग आम्ही भांडलो.
बांबूचा भाव, कागदाचा भाव,
डिसेंबरात कुणी सूट मागतं का,
मी डिचोलीहून बसभाडं घालून आलेय त्याचं काय,
मी उठून दारापर्यंत गेले,
तिने पावलं ऐकली आणि बोलावलं नाही,
मीच परत आले.
दोनशे तीस. पिशव्या त्यात.

परतीच्या बसमध्ये टोकं सगळ्यांना टोचत होती.
कंडक्टरने सामानाचं तिकीट फाडलं,
मागे बसलेल्या आजोबांनी
एक पिशवी आपणहून मांडीवर घेतली
आणि साखळीपर्यंत झोपले.

सोमवारी चेअरमननी विचारलं, फोटो?
मी बिल दिलं.
त्यांनी ते उलटंपालटं केलं,
"म्हणजे हे दुकानच आहे," म्हणाले,
जरा फसल्यासारखे.

एक जास्तीचं मी स्वतःसाठी आणलं होतं.
रात्री गॅलरीत बल्ब सोडून लावलं.
समोरच्या भिंतीवर लाल उजेड,
पाचही टोकं ताठ.
मी खाली उभी राहून
त्यात काही वाकडं दिसतंय का शोधत राहिले,
बराच वेळ.