आतून बाहेर

नोल्बेर्तोनं कागदी फिल्टर काढला
आणि उन्हासमोर धरला.
ऊन पलीकडेच राहिलं.
घड्याघड्यांत खाणीची राखाडी पिठी,
झटकला तर अंगणात एक बारकं वादळ.
"आजवर असे किती फेकले असतील?" मी विचारलं.
त्यानं बोटं मोजायला घेतली
आणि मध्येच सोडून दिली.

नवा यास्नानं आणला, पहिल्या पगारातून.
कापडी, तारेच्या जाळीत बसवलेला,
लालभडक तेल प्यालेला.
धुवायचा, वाळवायचा, पुन्हा लावायचा. जन्मभराचा.
"जन्म कुणाचा?" बापानं विचारलं,
"गाडीचा की माझा?"
चार क्लिपा. तीन मुकाट बसल्या.
चौथीला नेहमीसारखं
स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं समजवावं लागलं.

"जास्त हवा, जास्त ताकद," ती म्हणाली.
"जास्त हवा, जास्त धूळ," तो म्हणाला.
कलामात तीस वर्षं क्रशरवर काढलेल्या माणसाशी
धुळीबद्दल वाद घालू नये.

चिऊ-चिऊच्या रस्त्याला लागलो, गाजरं आणायला.
चढावर पिकअपनं घसा मोकळा केला,
इतकी वर्षं तोंडावर शाल धरून बोलत होती जणू.
यास्ना आरशातून आमच्याकडे बघत होती.
काट्यावर नजर ठेवून तो म्हणाला,
"वेग तोच आहे. बढाई वाढली."
पण उतारावरही पाय जरा दाबून धरायला सांगितलं तिला.

एप्रिलमध्ये तो धुवायला काढला, माझ्या टबात,
माझ्या परवानगीशिवाय.
मळक्या बाजूनं पाणी मारत होता.
"उलटा धर," मी म्हटलं,
"आतून बाहेर सोड पाणी,
नाहीतर मळ आणखी आत शिरतो."
हे डब्यावर लिहिलेलं होतं म्हणे.
मी डबा वाचला नव्हता.
त्याचे डगले धुतले होते.

दोरीवर दोन मोज्यांच्या मधे वाळला,
सावलीत, चारचा वारा सुटायच्या आत.
मग यानं तेल ओतलं, सॅलडवर ओततात तसं.
तिसऱ्या दिवशी डॅशबोर्डवर पिवळा दिवा.
यास्नानं नळीतली केसाएवढी तार फवारून पुसली,
एक शब्द न बोलता. तिचं न बोलणं
माझ्यावर गेलंय.
तेव्हापासून तेल मी लावते.
दर घडीला एकच रेघ, आणि थांबायचं.
लाली आपोआप चढते,
कापूस मागेल तेवढीच.

कागदी त्यानं टाकला नाही.
शेडमध्ये खिळ्याला लटकतोय. का, मी विचारलं नाही.

जूनमध्ये छातीचा फोटो काढला.
डॉक्टरनं तो उजेडासमोर धरला.
नोल्बेर्तो बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला,
"हा धुवायचा नाही ना?"
डॉक्टर तरुण होता, त्याला वाटलं
म्हातारा फोटोबद्दल विचारतोय.
"नाही नाही, पाण्यानं खराब होईल," म्हणाला.

परत येताना गाडी त्यानंच चालवली.
काचा बंद. खोकला आला की वेग कमी करायचा.
गावाबाहेरच्या चढावर मात्र
पाय खालपर्यंत दाबला
आणि तिला
बोलू दिलं.