वार

दुधगावच्या सुकन्या मगदूमची वार
फॉर्मालिनच्या डब्यातून माझ्या टेबलावर आली आहे.
चिठ्ठीवर: एकतीस आठवडे, दाब एकशे सत्तर, मुलगी, जिवंत.
वजन केलं. दोनशे दहा ग्रॅम.
कमी आहे.

आई विचारायची, वार पडली का, नीट पुरली का,
खोल, कुत्र्याने उकरू नये अशी.
तिच्यासाठी तो शब्द तिथे संपायचा.
मी मिरजेत एकोणीस वर्षं
केसाहून पातळ काप काढून काचेवर ठेवते.
केंद्रकांना निळा रंग, उरलेल्याला गुलाबी.

काचेखाली फांद्याच फांद्या,
प्रत्येक फांदीला दोन थर.
आतल्या थरातल्या पेशी एकेकट्या,
मळ्यातल्या वस्त्यांसारख्या, आपापल्या कुडाआड.
बाहेरच्या थरात कूडच नाही,
हजारो केंद्रकं आणि एकच अंगण.
आईचं रक्त ते अंगण धुऊन जातं,
आत येत नाही.

आतलीने बाहेरच्यात मिसळायचं
तर आधी कुणीतरी कडी वाजवावी लागते.
निरोप येतो बाहेरच्याच थराकडून,
तोच, ज्याने लघवीच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटते.
तो दारातच थांबतो. आत जातो त्याचा आवाज:
एक चिमुकला रेणू, त्याने उठवलेलं विकर,
मग केंद्रकात कुणी दिवा लावतं
नि फार जुनं एक पान उघडतं.

अब्बा कापूस पिंजायचे.
तातीवर मोगरी पडली की तो ठोका
ढिगातल्या शेवटच्या तंतूपर्यंत जायचा.
हात कापसाला लागायचासुद्धा नाही.
पण अब्बा गुंता सोडवायचे.
इथे सुटे असलेले एक होतात.

त्या पानावरचं अक्षर विषाणूचं आहे.
कोट्यवधी वर्षांपूर्वी कुण्या पूर्वजाच्या अंगात शिरलेला,
भिंत फोडण्यात तरबेज,
तो परत गेलाच नाही. इथेच म्हातारा झाला.
आता भिंती उतरवायचं काम त्याच्याकडे.
पेशी तेव्हा आपली आतली बाजू बाहेर करते,
एरवी मरताना करतात तशी.
मरत नाही. मिसळते.
मात्र पुन्हा कधी दुभागत नाही.

आरगे सर मुलांना सांगतात,
हरिपूरला जाऊन कृष्णा-वारणा बघा, तसंच हे.
मी गप्प बसते.
संगमाखालीही बराच वेळ पाणी दोन रंगांचं वाहतं.
इथे कुठली कुणाची, विचारायची सोय नाही.

सुकन्याच्या काचेवर बाहेरचा थर विरळ,
केंद्रकं गाठी करून बसलेली,
खाली काही पेशी अजून कडी लावून.
निरोपच आला नाही,
की आला आणि ऐकू गेला नाही?
अहवालात मी दिसलं तेवढंच लिहिते.
सही: श. नदाफ.

संध्याकाळी वरच्या मजल्यावर गेले, उगाच.
काचपेटीत मुलगी, माझ्या दोन ओंजळींएवढी.
दोघींमध्ये आता खरी भिंत,
आरपार दिसणारी, हात घालायला गोल भोक असलेली.
सुकन्याने एक बोट आत सरकवलं.
मुलीने धरलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. ओळख काहीच नाही.
"ताई, आज वार कुठला?"
मला उत्तर द्यायला जरा वेळ लागला.
गुरुवार, म्हटलं.