शून्य पूर्णांक चार

यंदा बर्फ नीट धरायच्या आधीच हिम पडलं.
एस्टोनियातल्या आमच्या खेड्यात एवढं वाक्य पुरतं.
काल्यूनं ते दुकानाच्या दारात उच्चारलं, पाव काखेत मारला
आणि तळ्याकडे न बघताच घरी गेला.

बर्फाचं काही नाही, तो काचेसारखा.
उजेड उतरतो त्यातून, तळाचं शेवाळ
डिसेंबरातही जेमतेम जगतं, थोडा श्वास मागे टाकतं,
गल्ल्यात चिल्लर टाकावी तसा.
पण हिम म्हणजे गोधडी.
ती तोंडावर चढली की खाली काळोख,
आणि काळोखात गेल्या उन्हाळ्याची सगळी पानं
कुजत बसतात, श्वास खात.

लहानपणी वाटायचं, मासा मरतो तो पाण्याबाहेर,
टोपलीत, फडफडत.
पाण्यात राहून घुसमटायचं, घरच्या घरात,
हे बाबांनी दाखवलं, एका जानेवारीत.
भोक पाडलं. आधी वर आले ते पाणकिडे,
काळे, चकचकीत, शेकड्यांनी,
कडेला चिकटून.
"हे पहिले," बाबा म्हणाले. "माशांना अजून लाज वाटतेय."

त्या वर्षी सदतीस माणसं होती फावडी घेऊन.
सामूहिक शेतीचा ट्रॅक्टर होता, गोठ्यावरच्या बायका होत्या,
शाळा सोडून दिली होती.
हिम उपसून आम्ही पट्टे काढले, लांब, काळे,
तळ्याला खिडक्या.
संध्याकाळी टेकडीवरून ते
रेघी वहीसारखं दिसलं.

यंदा तिघं. मी, काल्यू,
आणि कचेरीतून आलेली मेर्ले, यंत्र घेऊन.
तिनं भोकातून वायर सोडली. एक मीटर. दोन. तळ.
"शून्य पूर्णांक चार."
आकडा वहीत लिहिला
आणि हातमोजा परत घालायला विसरली.

तार्मोला फोन केला. तो हेलसिंकीत
कुणाच्या तरी छपरावरचं हिम उपसत होता,
तासाच्या बोलीवर.
"ताई, इथून सुटलो की येतो."
मागे फावड्याचा आवाज येत होता.

दोन दिवस उपसलं.
काल्यूच्या फावड्याचा दांडा तारेनं बांधलेला.
तिसऱ्या रात्री पुन्हा पडलं, मुकाट, वीतभर.
सकाळी खिडक्या कुठे होत्या तेही कळेना.
काल्यू काठावर उभा राहिला. शिवीसुद्धा दिली नाही.

मार्चअखेर वासावरून कळलं. नासकी अंडी.
ओढा तळ्याला मिळतो तिथे हातभर उघडं पाणी,
तेवढ्यात सगळे दाटलेले.
पाइक मासा कुणाला खात नव्हता,
कुणी त्याला घाबरून पळत नव्हतं.
सगळ्यांची तोंडं वर, उघडत, मिटत.
ओढा आपल्या परीनं येत होता.
पुरत नव्हता.

एप्रिलात लव्हाळ्यात पांढरी पोटं.
सहा ढकलगाड्या, मी मोजल्या.
कुरवही डोळे तेवढे टिपून उडून गेले.
खड्डा. चुना. काल्यू ओतत होता, मी पसरत होते.
शेवटच्या बादलीत काहीतरी हललं.

कोगर. तळहाताएवढा, पितळी, बेढब,
चिखलाचा वास येतो म्हणून कुणी ताटात घेत नाही तो.
मेर्लेनं सांगितलं होतं,
हा श्वासावाचून महिने काढतो.
अंगातल्या साखरेची दारू करतो,
कल्ल्यांतून बाहेर सोडतो,
आणि नुसता पडून राहतो.

काल्यू बघत राहिला.
हेल्यू गेल्यावर तीन हिवाळे तोही असाच,
पडदे ओढून, बाटलीपाशी.
मी दारात पाव ठेवून यायचे. वाजवायचे नाही.
"युक्ती तीच," तो म्हणाला,
"मी फक्त बाहेर सोडायला विसरलो."
आणि हसला, समोरचे दोन दात नसलेलं.

कोगर पाण्यात सोडला. तो तळाशी गेला,
मागे वळून वगैरे न बघता.
एकटाच आहे की खाली आणखी आहेत, ठाऊक नाही.

ऑक्टोबरात दोन फावडी आणली, लांब दांड्यांची.
एक काल्यूच्या भिंतीला टेकवलं
आणि दार वाजवलं.