कोबा घालण्याआधी

निकेत, टेम्पो अजून शोरूममध्येच आहे ना?
मग महिनाभर राहू दे तिथेच.
आधी खाली बघ.
गोठिवलीची ही परसातली जमीन वरून टणक दिसते,
पण पहार मार,
दोन फुटांवर काळा चिखल लागेल, आणि शिंपल्या.
नकाशात याला प्लॉट म्हणतात.
खाडीला अजून कुणी कळवलेलं नाही.

चिखल काढ. सगळा. पैसे लागतील, लागू देत.
मग मुरूम, सहा इंचांचा एक थर,
पाणी मारून धुम्मस,
पुन्हा थर, पुन्हा धुम्मस.
आधी आवाज येतो धप्,
मग कधीतरी ठण्.
ठण् येईपर्यंत कुणाला चहा सांगू नको.

त्यावर जाड प्लास्टिक, कडेने वीतभर वर चढवून.
घराच्या भिंतीला कोबा चिकटू देऊ नको,
मध्ये थर्माकोलची पट्टी सोड,
दोघांना आपापलं हलता यावं.

सळई आठ एमएमची, आडवी-उभी, आठ-आठ इंचांवर.
जाळी जमिनीवर निजवून वरून माल ओतणारे
पुष्कळ आहेत. त्यांना पगार देऊन घरी पाठव.
जाळीखाली ठोकळे हवेत, सिमेंटचे,
विटेचे तुकडे नाहीत.
जाडी पाच इंच, भरलेला टेम्पो उभा राहणार आहे.
आणि वाळू

वाळूपाशी जरा थांबतो.

एकोणीसशे ब्याण्णव साली तुझ्या आईचं घर मीच बांधलं.
नदीची वाळू महाग पडत होती,
खाडीची होडीतून यायची, जवळजवळ फुकट.
धुऊन वापरू, म्हणालो.
धुतली नाही.
सव्वीस वर्षांनी स्वयंपाकघरातला पापुद्रा सुटून
तिच्या तव्याशेजारी पडला.
आतली सळई फुगलेली, बोटाने सोलावी अशी.
ती वर बघून एवढंच म्हणाली,
"दादूस, सिलॅपानशी मीठ परतंय."
हसलीसुद्धा.
चाळीस वर्षं थापी चालवलेला मी
घमेलं हातात धरून तिथेच खाली बसलो.

तर वाळू क्रशरची, नाहीतर नदीची.
चिमूटभर जिभेवर ठेवून बघ.
ड्रायव्हर हसेल, हसू दे.
खारट लागली की ट्रक परत.

मिक्सरवाला म्हणेल, शेठ, थोडं पाणी वाढवतो,
माल पटकन पसरेल.
त्याचं काम संध्याकाळी संपतं.
एका पोत्याला पंचवीस लिटर, वर थेंब नाही,
बादली तू स्वतः धर.

उतार फाटकाकडे, दर पाच फुटांना एक इंच.
मला इंजिनीअरची नळी नको,
लिंबू सोडून दाखव.
दुसऱ्या दिवशी कटर लावून दहा-दहा फुटांवर काप घे.
कोबा तडकतोच.
रेघ तू मारलेली असली
तर निदान तुझ्या रेघेत तडकतो.

मग पाणी. इथे सगळे आळस करतात,
गोणपाट टाकून गावाला जातात.
तू तुझ्या आईला बोलाव.
सातव्या वर्षापासून ती आगरात राबली,
आज जिथे ते एटीएम आहे साधारण तिथे.
मातीचा बांध कसा थापायचा,
चौकोनात चार बोटं पाणी कसं उभं करायचं,
तिला कुठल्याच मिस्त्रीने शिकवायला नको.
फक्त उलटं करायचं आहे म्हणावं.
तेव्हा पाणी उडून जायची वाट बघत होतीस,
आता चौदा दिवस ते उडू द्यायचं नाही.

टेम्पो अठ्ठाविसाव्या दिवशी आत.
त्याआधी पूजा नको, नारळ नको,
मित्रांच्या बाइकही नकोत.

आणि एक.
सकाळी पाइप घेऊन ती बांधावर उकिडवी बसेल,
पाण्यात बोट बुडवून चाखेल,
जुनी सवय आहे, सुटणार नाही.
काय म्हणते,
ते मला फोन करून सांग.